दातारांची शिसारी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. बाकी सगळी वस्ती त्यांना दातार म्हणते, कारण ते दात करतात. कुणीतरी कधीतरी गमतीनं सुरू केलं आणि ते असं चिकटलं, की नवीन आलेला पोस्टमन खऱ्या आडनावाचं पाकीट घेऊन दारात उभा राहिला तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला ठामपणे परत पाठवलं. मी मात्र त्यांना भावजीच म्हणतो.

दात करतात म्हणजे ते डॉक्टर नव्हेत. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेतात आणि यांच्याकडे पाठवतात. त्या मापावरून कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या करून परत द्यायच्या, हा यांचा धंदा. घराच्या तळमजल्यावर त्यांची खोली आहे. लांब टेबल, मेण वितळवायला गॅसची बारीक ज्योत, गुलाबी प्लॅस्टिक शिजवायचं भांडं, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. खिडकीच्या कट्ट्यावर मापांत प्लास्टर ओतून काढलेले पांढरे जबडे वाळत ठेवलेले असतात. कुरियरवाला पाकीट देताना तिकडे बघायचं टाळतो.

मापं येतात ती काही धुऊनपुसून येत नाहीत. त्यात कधी रक्त सुकलेलं असतं, कधी सकाळच्या खाण्याचा कण अडकलेला असतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दुपारचं जेवण गेलं नव्हतं. भावजींना त्याचं काहीच वाटत नाही. एका हातात कुणाचातरी जबडा आणि दुसऱ्या हातात चहाचा कप, असे ते तासन्‌तास बसतात. ताईनं लग्नानंतर एकच नियम केला होता, की एकही दात जिन्याच्या वर येता कामा नये. तो नियम त्यांनी आजवर पाळला.

त्यांना किळस यायची ती वेगळ्याच गोष्टीची. गुळगुळीतपणाची. दुकानदार फार गोड बोलायला लागला की ते वस्तू तिथंच ठेवून बाहेर पडायचे. एखाद्या पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या दातांच्या पंगतीला ते ‘संडासातल्या फरशा’ म्हणायचे. खोटे दात करायचे तर ते खऱ्यासारखे करावेत, म्हणून ते कवळीतला एखादा दात मुद्दाम किंचित तिरका बसवायचे, एखाद्याची कड जरा झिजवायचे. त्यामुळे त्यांच्या कवळ्या कुणाला ओळखू यायच्या नाहीत, आणि त्यामुळेच काही डॉक्टरांना त्या आवडायच्याही नाहीत.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि घरी बसून सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागलो. तेव्हा ताईनंच मला भावजींच्या तयार पेट्या डॉक्टरांकडे पोचवायच्या कामाला लावलं. म्हणून पुढचं बहुतेक सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

भावजींच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, आणि त्याला जोडलेलं एक यंत्र. प्लास्टरचा जबडा यंत्राच्या पेटीत ठेवला की तो आत गोल फिरायचा आणि त्याचं चित्र पडद्यावर उमटायचं. मग शेजारची दुसरी पेटी त्या चित्राबरहुकूम टोपी कोरून द्यायची. भावजींनी आयुष्यात घेतलेली ही सगळ्यांत महागडी वस्तू. यंत्र धडधाकट होतं, पण ते बोलायचं ते फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरशी. नवा कॉम्प्युटर जोडला तर ते ओळखच दाखवायचं नाही. त्यामुळे यंत्र असेपर्यंत कॉम्प्युटर तोच राहणार, आणि कॉम्प्युटर तोच म्हटल्यावर त्याच्यावरचा ब्राउझरही तोच. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरच्या साइट ज्या खिडकीतून दिसतात ती खिडकी, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

डॉक्टर लोक कामं पाठवायचे ती एका साइटवरून. माप कुरियरनं यायचं. रुग्णाचा फोटो, दाताची छटा, सूचना, तारीख, सगळं साइटवर. कितीतरी महिने त्या साइटच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी येत होती, की तुमचा ब्राउझर जुना झालाय, लवकरच इथं चालणार नाही. पट्टीच्या कडेला फुली होती. भावजी रोज सकाळी माशी हाकलावी तशी ती फुली दाबायचे आणि कामाला लागायचे. मी एकदा विचारलंसुद्धा, की हे काय म्हणतंय. ते म्हणाले, “म्हणू दे. घरमालकही दर वर्षी म्हणतो, जागा खाली करा.”

एका सोमवारी फुली नव्हती. पट्टीही नव्हती. अख्ख्या पडद्यावर एका हसऱ्या मुलीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘आम्ही तुमच्यासाठी आणखी चांगले होत आहोत.’ त्याच्या खाली बारीक अक्षरात, की हा ब्राउझर आता चालत नाही, कृपया नवीन घ्या. त्याच्याखाली एक गोल बटण. भावजींनी बटण दाबलं. बटण त्यांना ब्राउझर बनवणाऱ्यांच्या दारात घेऊन गेलं, आणि त्या दारावर लिहिलं होतं, की तुमच्या कॉम्प्युटरवर आमचा नवा ब्राउझर बसत नाही.

ते परत त्या मुलीकडे आले आणि बराच वेळ तिचे दात बघत राहिले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, “हे बघ. कुठंही एक फट नाही, एक सावली नाही. हे दात कुणाचेच नाहीत.” त्यांनी चहाचा कप दूर सारला. रक्तानं माखलेल्या मापाशेजारी बसून चहा पिणारा माणूस तो चहा पुन्हा प्यायला नाही.

मग फोन सुरू झाले. साइटच्या मदतकेंद्रावर आधी एक रेकॉर्ड केलेला आवाज, मग वाजतं संगीत, मग एक मुलगी. तिनं सांगितलं, ब्राउझर नवा करा. तो या कॉम्प्युटरवर बसत नाही म्हटल्यावर म्हणाली, मग कॉम्प्युटर नवा करा. त्यावर यंत्र चालत नाही म्हटल्यावर म्हणाली, मग यंत्रवाल्यांशी बोला. यंत्रवाले म्हणाले, ते मॉडेल आम्ही आता बघत नाही, नवं घ्या. ही मंडळी तुसडेपणानं बोलली असती तर भावजींनी चार शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. पण प्रत्येक जण इतकं मऊ बोलत होता, की शिवीला धरायला कुठं कंगोराच सापडेना. शेवटी मदतकेंद्राचा एक संदेश आला, आमची सेवा कशी वाटली ते इथं सांगा. भावजींनी तो पत्ता उघडला. ती हसरी मुलगी पुन्हा समोर आली.

त्यांनी पडद्यावर जुना टॉवेल टाकला आणि हात साबणानं धुऊन आले.

त्या रविवारी माझी भाची जेवायला आली. ही भावजींची एकुलती एक मुलगी. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिकिटं विकणाऱ्या एका साइटच्या कंपनीत काम करते. कामात हुशार आणि स्वभावानं बापासारखीच, म्हणजे सरळ आणि हेकट. ताईनं तिच्या कानावर सगळं आधीच घातलं होतं. तिनं बसल्याबसल्या तोडगा सांगितला. तिचा एक जुना लॅपटॉप पडून होता. त्याच्यावर नवा ब्राउझर चालतो. तो ती आणून देणार, साइट त्याच्यावर बघायची आणि यंत्र आहे तसं चालवायचं. खरं म्हणजे प्रश्न तिथंच संपला होता. पण भावजींना तोडगा नको होता, त्यांना कुणीतरी त्यांच्याइतकंच चिडायला हवं होतं.

ते म्हणाले, आज तुझा लॅपटॉप चालतो, उद्या त्याच्यावरही ती बया येऊन दात दाखवेल. भाचीनं शांतपणे समजावलं, की कंपनीचीही बाजू असते. जुन्या ब्राउझरमधून चोर शिरतात, तो सांभाळत बसायला माणसं लागतात, नवं काही करता येत नाही. मग बोलण्याच्या ओघात ती म्हणाली, की गेल्या वर्षी तिच्या कंपनीनंही हेच केलं, आणि ते काम तिच्याकडेच होतं.

भावजींनी घास खाली ठेवला. “किती लोकांचं बंद केलंत?”

“फार नाही बाबा. दोन टक्के.”

“दोन टक्के म्हणजे किती माणसं?”

“तसं आम्ही मोजत नाही.”

“आणि त्यांचं पुढं काय झालं?”

“घेतात ना नवीन. आज ना उद्या सगळेच घेतात. कुणाची तक्रार आली नाही आमच्याकडे.”

“येणार कुठून? तक्रारीची पेटी दाराच्या आतच असेल ना तुमची.”

तिथं थांबायला हवं होतं. पण भावजी तिच्याकडे न बघता, ताटाकडे बघत म्हणाले, “मला शिसारी येते तुमच्या धंद्याची.”

ती पाणी प्यायली, तिनं आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं, आईला सांगितलं की काम आहे, आणि गेली. ताई दोन दिवस भावजींशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, की आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि तुम्ही चावलंत.

त्याच आठवड्यात एका डॉक्टरीणबाईंकडून पेटी आली. या बाई भावजींना बरीच वर्षं काम देत होत्या. त्यांना भावजींनी बसवलेले किंचित तिरके दात आवडायचे. पेटीत एका वयस्क बाईंच्या वरच्या आणि खालच्या जबड्याचं माप होतं. दोन्हीकडे एकही दात नाही, पूर्ण कवळी करायची. पेटीवर डॉक्टरीणबाईंनी जाड अक्षरात ‘तातडीचं’ एवढंच लिहिलं होतं. बाकी सगळं साइटवर.

भावजींनी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई कसल्याशा परिषदेला परगावी गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, की नोंद साइटवर आहे, ती बघून काम सुरू करा, असं मॅडम सांगून गेल्यात. साइट उघडत नाही हे तिला समजावता समजावता भावजींचा आवाज चढला आणि तिचा बारीक झाला. नोंद मॅडमच्या खात्यातली, ती तिला उघडता येत नव्हती, आणि मॅडमचा फोन लागत नव्हता. मी माझ्या फोनवर प्रयत्न करून पाहिला. साइटनं मला सांगितलं, ॲप घ्या. ॲपनं सांगितलं, फोन जुना आहे. मी भीतभीत म्हटलं, की भाचीला सांगूया, ती आपल्या फोनवर उघडून वाचून दाखवेल, पाच मिनिटांचं काम आहे. भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेट्या पुसायला घेतल्या.

मग ते म्हणाले, मापं समोर आहेत, एवढी वर्षं हेच करतोय, नोंद काय वेगळं सांगणार? फक्त चेहरा बघायला हवा. काउंटरवरच्या मुलीनं वैतागून रुग्णबाईंचा पत्ता दिला, आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. भावजींच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. शेकडो लोकांनी त्यांच्या दातांनी खाल्लं असेल, पण त्यातला एकही माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

बाईंनी दार उघडलं ते तोंडावर रुमाल धरून. आवाज ऐकला आणि मी जागीच उभा राहिलो. दातांवाचून तो पोकळ झाला होता, शब्दांतून वारा जात होता, तरी त्याखालचा सूर मी ओळखला. त्या रेडिओवर बातम्या द्यायच्या. आमच्या लहानपणी सकाळच्या बातम्या म्हणजे याच बाई. वडील दाढी करता करता वस्तरा थांबवून ऐकायचे.

त्यांनी सांगितलं, की रेडिओ केंद्राला बरीच वर्षं झाली म्हणून समारंभ आहे, आणि त्यात जुन्या निवेदकांनी येऊन एकेक बातमीपत्र वाचायचं आहे. दात काढल्यापासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या. भाजीवालीलासुद्धा चिठ्ठी लिहून द्यायच्या. त्या म्हणाल्या, की माझं काय गेलंय ठाऊक आहे, ‘स’ गेलाय. जिभेला टेकायला जागाच नाही. मग त्यांनी क्षणभर रुमाल बाजूला केला आणि ‘स’ म्हणून दाखवला. तो ‘फ’ आणि ‘ह’च्या मधलं काहीतरी होता. त्यांनी लगेच तोंड झाकलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्वतःच्याच तोंडाबद्दलची जी किळस मी पाहिली, ती मला बघवली नाही.

भावजी मात्र बघत होते. नाकाची रुंदी, ओठांची ठेवण, गालाचा खोलगटपणा. तरुणपणीचा एखादा हसतानाचा फोटो त्यांनी मागून घेतला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. तोंडात डोकावायचा त्यांना अधिकार नव्हता, ते काम डॉक्टरांचं. त्यांनी तसं सांगितलंही. बाईंना उलट बरंच वाटलं.

पुढचे दिवस भावजींनी दुसरं काही केलं नाही. मेणात एकेक दात लावायचे, फोटो बघायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. फोटोत बाईंचा समोरचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता. तो त्यांनी तस्साच चढवला. ‘स’साठी वरच्या पुढच्या दातांच्या मागची बाजू ते पुन्हापुन्हा घासत होते आणि मला समोर बसवून सारखं सकाळ, संध्याकाळ, सप्ताह असं म्हणायला लावत होते, म्हणजे जीभ कुठं लागते ते कळावं. टॉवेलाखालच्या कॉम्प्युटरची त्यांना आठवणही नव्हती. मला वाटलं, चला, बरंच झालं, ब्याद गेली.

कवळी झाली. अशी कवळी मी त्यांच्याकडे पाहिली नव्हती. डॉक्टरीणबाई परिषदेहून आल्या होत्या, मी पेटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बसवली, बाईंनी आरशात पाहिलं, आणि काउंटरवरच्या मुलीनं नंतर मला सांगितलं, की बाई रुमाल तिथंच विसरून गेल्या.

समारंभाच्या जरा आधी डॉक्टरीणबाई स्वतः भावजींच्या खोलीत आल्या. त्या याआधी कधी आल्या नव्हत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांनी खालची कवळी टेबलावर ठेवली. आतल्या बाजूला, उजवीकडे, त्यांनी शाईनं एक खूण केली होती.

“इथं जखम झालीय. हाडापर्यंत.”

भावजींनी कवळी उचलून उजेडात धरली.

“त्या बाजूला हाडाचं ऑपरेशन झालंय त्यांचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वर कातडी कागदासारखी पातळ आहे. तिथं जागा मोकळी सोडा, आतून मऊ थर द्या, असं मी लिहिलं होतं. चित्र काढून लिहिलं होतं.”

“साइट उघडत नव्हती,” भावजी म्हणाले.

“मग थांबायचं होतं. मला विचारायचं होतं. मीही बसवताना तुमच्यावर विसंबले, हातानं चाचपून बघितलं नाही, ती माझी चूक. पण तुम्ही माझ्या रुग्णाच्या घरी जाऊन आलात आणि माझी सूचना मात्र वाचली नाहीत.”

भावजींकडे सबब होती, आणि खरी होती. पण ती त्यांना पुन्हा तोंडातून बाहेर काढता येईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की दुखत असूनही बाईंनी तीन-चार दिवस कवळी काढली नव्हती. आता जखम भरेपर्यंत खाली काही घालता येणार नाही. समारंभाला त्या गेल्या नाहीत. त्यांच्या वाटचं बातमीपत्र दुसऱ्या कुणीतरी वाचलं. मी घरी रेडिओ लावून ऐकलं आणि अर्ध्यावर बंद केला.

समारंभाच्या त्या दुपारी भावजी खोलीतच बसून होते. मला वाटलं, आता कॉम्प्युटर उचलून फेकतील. त्यांनी टॉवेल काढला, कॉम्प्युटर चालू केला, ती हसरी मुलगी आली. ते मला म्हणाले, “हिची किळस मला येत होती, ती बरोबरच होती. पण तोंड कडू झालं म्हणून मी दुसऱ्याच्या तोंडाशी खेळलो. त्याची जास्त येते.” मग त्यांनी पायात चपला अडकवल्या. मी विचारलं, कुठं, तर म्हणाले, लॅपटॉप आणायला.

मीही बरोबर गेलो. भाचीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तिनं दार उघडलं, बापाला पाहिलं आणि आत वळली, बहुतेक चहा ठेवायला. भावजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. माफी मागायची त्या माणसाला सवय नाही. त्यांनी तिला रेडिओवाल्या बाईंचं सगळं सांगितलं, स्वतःला एका शब्दानंही न वाचवता. ऑपरेशन, सूचना, जखम, समारंभ. आणि शेवटी, “तुला एक फोन केला असता तर झालं नसतं.”

भाची चहाकडे बघत होती. मग म्हणाली, “त्या दिवशी तुमच्याकडून गेल्यावर मी ऑफिसात विचारलं. ते दोन टक्के म्हणजे कोण, किती. कुणीतरी आकडा काढून दिला. एक लहान शहर होईल, बाबा.”

“मग?”

“मी म्हटलं, निदान त्या पानावर एक फोन नंबर टाकू. साधा नंबर, माणूस उचलेल असा. साहेब हसले. म्हणाले, फोन घ्यायला माणूस ठेवायचा तर जुना ब्राउझरच काय वाईट होता?” तिनं गॅस बंद केला. “मला त्यांच्या हसण्याची किळस आली. आणि मग आठवलं, गेल्या वर्षी असंच कुणी विचारलं तेव्हा मीच हसले होते.”

भावजींनी तिच्या हातातून गाळणी घेतली आणि चहा गाळला. मला साखर जास्त लागते हे त्यांच्या बरोबर लक्षात होतं. लॅपटॉप भाचीनं पिशवीत घालून दिला, आणि रविवारी येऊन सगळं जोडून देते म्हणाली.

आता भावजींच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी आहेत. जुन्याची इंटरनेटची तार भाचीनं काढून टाकली. तो फक्त यंत्राशी बोलतो. साइट लॅपटॉपवर दिसते. एकमेकांशी त्यांचं पटत नाही, म्हणून इकडचं तिकडे न्यायला मधे एक पेन ड्राइव्ह आहे. लॅपटॉपवर साइट उघडली की आधी रंगीत कागदाचे तुकडे उडतात आणि ‘नव्या रूपात स्वागत आहे’ असं येतं. भावजी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतात. त्यांचा तिटकारा तसूभरही कमी झालेला नाही. फक्त आता ते आधी सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मगच मेण तापवतात.

रेडिओवाल्या बाईंची जखम भरायला बराच काळ गेला. त्यांची खालची कवळी भावजींनी नव्यानं केली, उजवीकडे जागा सोडून, आत मऊ थर देऊन. डॉक्टरीणबाईंनी या वेळी भावजींनाही दवाखान्यात बोलावून घेतलं, स्वतःच्या समोर. मी पेटी घेऊन गेलो होतो म्हणून तिथं होतो. कवळी बसवल्यावर बाईंनी जीभ फिरवून पाहिली, दात मिटले, उघडले. भावजी उभे राहून म्हणाले, की माझ्यामुळे तुम्हाला जायला मिळालं नाही, मला क्षमा करा. आणि मग त्यांनी, न राहवून, साइट बंद पडल्याचंही सांगायला सुरुवात केली.

बाईंनी त्यांना हात करून थांबवलं. “सबबी सांगू नका,” त्या म्हणाल्या. “साठ वर्षं सांभाळलेला आवाज होता माझा. सगळे सहकारी समोर बसणार होते. त्यातले पुढच्या समारंभाला किती असतील, सांगता येत नाही.”

एकही ‘स’ सुटला नव्हता, एकही अक्षर पोकळ नव्हतं. दवाखान्यात बसलेले लोक माना वळवून बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ तर खुर्चीतून अर्धे उठले, बहुतेक त्यांनीही आवाज ओळखला. बाई आणखी थोडा वेळ बोलल्या. डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी सोडलं नाही. आणि भावजी मान खाली घालून, एकेक शब्द कानात साठवत ऐकत राहिले.

त्या दिवसापासून एक मात्र झालं. पूर्ण कवळीचं काम असलं की डॉक्टरीणबाई भावजींना दवाखान्यात बोलावतात. सूचना साइटवर असतेच, पण रुग्णाला खुर्चीत बसवून ती भावजींना तोंडीही सांगतात. मी सोबत जातो आणि बाहेरच्या बाकावर बसतो. भावजी आत जाऊन, हात पाठीमागे बांधून, माणसाचा चेहरा बघतात.